एक बैठक, अनेक चेहरे

पुण्याजवळच्या चाकण येथील एकाच कारखान्यातून २०२१ साली दोन नव्या गाड्या बाहेर पडल्या. स्कोडाची कुशाक आणि फोक्सवॅगनची टायगुन. चेहरे वेगळे, पण बैठक एकच. या बैठकीला ‘प्लॅटफॉर्म’ म्हणतात. गाडीचा तळ, इंजिन बसवण्याच्या जागा, सस्पेन्शन, स्टिअरिंग असे न दिसणारे भाग तीत येतात. असे का करतात, हे समजण्यासाठी आपण शंभर वर्षे मागे, अमेरिकेत जाऊ.

हेन्री फोर्ड यांनी १९०८ साली ‘मॉडेल टी’ आणली. १९२७ पर्यंत या एकाच मॉडेलच्या दीड कोटी गाड्या निघाल्या. सुरुवातीची ८५० डॉलर ही किंमत तीनशेच्याही खाली उतरली. यामागचे गणित सोपे आहे. समजा, पत्रा दाबून आकार देणाऱ्या साच्यांना एक कोटी रुपये लागले. दहा हजार गाड्या केल्या तर प्रत्येकीवर हजार रुपये पडतात. दहा लाख केल्या तर फक्त दहा.

पण सर्वांना एकसारखीच गाडी नको होती. १९२३ साली जनरल मोटर्सचे अध्यक्ष झालेल्या आल्फ्रेड स्लोन यांनी हे ओळखले. स्वस्त शेवरोलेपासून महाग कॅडिलॅकपर्यंत त्यांनी किमतींची शिडी रचली. मात्र प्रत्येक पायरीसाठी सारे काही वेगळे बनवले, तर फोर्डचा स्वस्तपणा कोठून आणायचा? १९२६ च्या पॉन्टियॅकने वाट दाखवली. इंजिन तिचे स्वतःचे, सहा सिलिंडरांचे. पण इतर अनेक भाग शेवरोलेचे. गाडी चांगली खपली.

पुढे ही काटकसर अंगाशी आली. १९८२ ची कॅडिलॅक सिमरॉन म्हणजे बरीचशी स्वस्त शेवरोले कॅव्हेलियरच होती. जास्तीचे पैसे कशासाठी मोजायचे, हे गिऱ्हाइकाला कळेना. १९८३ साली ‘फॉर्च्यून’ मासिकाने जनरल मोटर्सच्या चार ब्रँडच्या जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या गाड्या मुखपृष्ठावर छापल्या. सिमरॉन १९८८ साली बंद पडली. पैसा वाचला, पण शिडीच्या पायऱ्या पुसल्या गेल्या.

फोक्सवॅगन समूहाने २०१२ साली आणलेल्या रचनेत पुढच्या चाकांच्या आसापासून पेडलपर्यंतचे अंतर ठरावीक ठेवले. लांबी-रुंदी मात्र बदलता येते. कुशाक आणि टायगुन यांची बैठक याच घराण्यातली. अर्थात सामायिक भागात दोष निघाला, तर अनेक ब्रँडच्या गाड्या एकदमच परत बोलवाव्या लागतात. म्हणून काय सारखे ठेवायचे आणि काय वेगळे, हाच खरा प्रश्न आहे.

वर्गात हा विषय काढताना एकाच कंपनीची प्रवासी रिक्षा आणि मालवाहू तीनचाकी मुलांना शेजारी शेजारी पाहायला सांगावी. काय सारखे आहे, काय बदलले, आणि का? उत्तरे मुलांनाच शोधू द्यावीत.