‘जन्मजात गुन्हेगार’ : एका समजुतीचा इतिहास

गुन्हा का घडतो, या प्रश्नाचे जे उत्तर राज्यकर्ते मनाशी धरतात, त्याच उत्तरातून त्यांचे कायदे व बंदोबस्त जन्मास येतात. याचा सर्वांत कठोर दाखला आपल्याच देशात घडला, आणि त्याची छाया आपल्या पेण-रोह्याच्या डोंगरकपारीपर्यंत पोहोचली. ज्ञातीच्या या वार्षिक अंकात असला विषय कशास, असे काही वाचकांस वाटेल. परंतु या कथेत ज्ञातीचाच संबंध फार मोठा आहे.

इ. स. १८७१ साली इंग्रज सरकारने ‘गुन्हेगार जमाती कायदा’ केला. त्या वेळी गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात कायद्याचे खाते जेम्स फिट्झजेम्स स्टीफन या विद्वान गृहस्थाकडे होते. मसुद्यामागील युक्तिवाद असा : हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर, तेव्हा ज्यांचा धंदाच चोरी, त्यांची मुलेही पिढ्यान्‌पिढ्या चोरच होणार. इटलीतील डॉक्टर लोम्ब्रोसो याने कवट्या व चेहरे मोजून जन्मजात गुन्हेगाराविषयी आपला ग्रंथ प्रसिद्ध केला तो १८७६ साली. म्हणजे युरोपात या कल्पनेचे शास्त्र बनण्याच्या पाच वर्षे आधी येथे तिचा कायदा झाला होता. येथे कवट्या मोजण्याचीही गरज पडली नाही; जातिव्यवस्था तयार होती.

एकदा निदान असे ठरल्यावर उपायही तसेच निघाले. मनुष्याने काय केले हे पाहावयाचे नाही, तो कोणाच्या पोटी आला एवढेच पाहावयाचे. जमातीचे नाव सरकारी राजपत्रात प्रसिद्ध झाले की त्यातील स्त्री-पुरुषांची नावे पोलिसांच्या नोंदवहीत चढत, ठराविक वेळी हजेरी द्यावी लागे, परगावी जाण्यास परवाना लागे. जमातीवर बसविलेला हा शिक्का खरा की खोटा, हे तपासण्याची कोर्टासही मुभा नव्हती. १८९७ च्या दुरुस्तीने तर चार वर्षांच्या पुढील मुले आईबापांपासून तोडून निराळ्या वसाहतीत ठेवण्याचा अधिकार सरकारने घेतला. चोरी रक्तात आहे असे मानले की मुलास आईपासून दूर नेणे हाच प्रतिबंध ठरतो. तर्क बिनचूक आहे. पाया मात्र कुजका आहे.

मुंबई इलाख्यास हा कायदा १९११ च्या नव्या रूपाने लागू झाला. विजापूर, हुबळी, गदग, सोलापूर येथे तारेच्या कुंपणातील वसाहती उभ्या राहिल्या. सोलापुरास आजही त्या भागास लोक ‘सेटलमेंट’ म्हणतात. कैकाडी, टकारी, पारधी, कंजारभाट अशा जमातींची कुटुंबे तेथे कोंडली गेली व गिरण्यांस मजूर मिळाले. या वसाहतींचे अधिकारी स्टार्ट साहेब यांची धारणा मात्र थोडी निराळी होती : मनुष्यास नियमित काम, शाळा व घर मिळाल्यास तो चोरी सोडतो. कुंपण तेच, हजेरी तीच. पण आत परिस्थितीचा सिद्धांत शिरला होता. मागासलेल्या वर्गांच्या चौकशीसाठी १९२८ साली सरकारने याच स्टार्ट साहेबांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. डॉ. आंबेडकर तिचे सभासद होते.

आता आपल्या मुलुखाकडे वळू. पेण व रोहे तालुक्यांतील वाड्यांवर राहणारा कातकरी हा मूळचा रानात खैराचा कात पाडणारा; नावही त्यावरूनच. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर राखीव रानाच्या सीमा पडल्या आणि खैरावर त्याची कुऱ्हाड चालविणे हाच अपराध झाला. धंदा गेला, जमीन तर कधी नव्हतीच. उरली ती कोळसाभट्टी, पुढे वीटभट्टी, आणि लग्नासाठी घेतलेली उचल फिटेपर्यंत सावकाराच्या घरची राबणूक. पावसाळ्यात काम नाही, घरात दाणा नाही. अशा वेळी मूठभर भात वा एखादी कोंबडी नाहीशी झाली की सरकारी लेखनात ‘चोरटी जमात’ असा शेरा पडे. ज्या कायद्याने त्याचे पोट मारले तो कायदा मात्र त्या शेऱ्यात कोठे दिसत नाही.

याच पेण तालुक्यात गागोदे गावी १८९५ साली विनोबा भावे यांचा जन्म झाला. १९६० च्या मे महिन्यात ते चंबळच्या दऱ्याखोऱ्यांत पायी फिरत होते. लुक्का ऊर्फ लोकमन दीक्षित व त्याच्यासारख्या इतर दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. कोणीही जन्मतः दरोडेखोर नसतो, जमिनीचे तंटे, सूड व अन्याय माणसास रानात ढकलतात, ही विनोबांची श्रद्धा. मध्यप्रदेशचे पोलीस महानिरीक्षक के. एफ. रुस्तमजी यांस ही रीत पसंत पडली नाही. दरोडेखोरांचा असा गौरव झाल्यास पोलिसांचे धैर्य खचेल व मृतांच्या कुटुंबांस न्याय कोण देणार, असा त्यांचा आक्षेप होता. तो उडवून लावण्याजोगा नाही, असे आमचे मत आहे. (कच्च्या कैद्यांच्या हालांवर १९७९ साली याच रुस्तमजींनी लिहिलेल्या लेखांवरून सर्वोच्च न्यायालयात हुस्नआरा खातून हा प्रसिद्ध दावा उभा राहिला, हेही येथे नमूद केले पाहिजे.) तरीही १९७२ साली जयप्रकाशजींपुढे शेकडो दरोडेखोर शरण आले, ते विनोबांनी पाडलेल्या वाटेनेच.

मुंबई राज्यात गुन्हेगार जमाती कायदा १९४९ साली, आणि सर्व देशात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. त्याच्या जागी ‘सराईत गुन्हेगार’ कायदे आले. मुंबईचा १९५९ सालचा. आता जमात नव्हे, शिक्षा झालेली व्यक्ती पाहावयाची, हा फरक कागदावर मोठा होता. प्रत्यक्षात आपल्याकडे काय होते ते आपण सर्व जाणतो. आळीत घरफोडी झाली की पहिले बोट वाडीकडे जाते. हे बोट इंग्रजाचे नसते. ते आपल्या ओटीवरून उठते.

याचे कारण शोधू लागलो तर ते आपल्या अंकाच्या पानांतही सापडते. आपण वंशावळी छापतो, आपल्या घराण्यांतील विद्या व सचोटी रक्तातून आली असे अभिमानाने लिहितो. त्यात सर्वच चूक आहे असे नाही. पूर्वजांचे स्मरण करावेच. पण आमचे सद्गुण रक्तातून येतात असे जो म्हणतो, त्यास दुसऱ्याचे दुर्गुणही रक्तातूनच येतात हे मान्य करावे लागते, आणि स्टीफन साहेबाचे म्हणणे याहून निराळे नव्हते. आपल्या मुलांस शाळा मिळाली, पोट भरलेले मिळाले, ओळखीचा वकील मिळाला, हे आपल्या सचोटीच्या हिशेबात क्वचितच मांडले जाते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातील जातिभेदाविषयी निकाल दिला. विमुक्त जमातींच्या लोकांस पोलिसांनी मनमानीने अटक करू नये, अशी ताकीद त्यात आहे. आणि कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकावा, असा हुकूमही आहे.