हिवतापाचे नकाशे : पंजाबचा ऐतिहासिक धडा

आज उपग्रहचित्रे व भौगोलिक माहिती प्रणाली यांच्या साहाय्याने हिवतापाच्या जोखमीचे नकाशे तयार केले जातात. पाऊस, तापमान, साचलेले पाणी व रुग्णसंख्या यांची सांगड घालून फवारणी कोठे करावी, मच्छरदाण्या कोठे पाठवाव्यात हे ठरविले जाते. साधने नवी असली तरी विचार नवा नाही. उत्तर भारतात त्याची मुळे दीडशे वर्षांहून अधिक जुनी आहेत.

पश्चिम यमुना कालव्याचा प्रदेश १८५७ च्या उठावानंतर पंजाब प्रांतात आला. तेथील रोगराईच्या चौकशीसाठी १८४५ मध्ये कंपनी सरकारने समिती नेमली. मेजर बेकर, डॉ. डेम्पस्टर आणि पुढे ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशामुळे प्रसिद्धीस आलेले हेन्री यूल हे तिचे सदस्य होते. वारंवार हिवताप येणाऱ्याची प्लीहा वाढते. म्हणून डेम्पस्टर यांनी गावोगावच्या लोकांच्या प्लीहा तपासल्या आणि वाढलेल्या प्लीहांचे प्रमाण हे त्या गावाच्या रोगटपणाचे माप मानले. डासाच्या शरीरात हिवतापाचे परजीवी रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत आढळले ते १८९७ मध्ये. म्हणजे रोगाचा वाहक अज्ञात असतानाच या समितीने दाखवून दिले की, दोष केवळ कालव्याचा नाही. जमीन चिकण आणि निचरा अडलेला असेल तेथे रोग अधिक बळावतो.

१९०८ च्या शरद ऋतूत पंजाबात हिवतापाची भीषण साथ आली. सुमारे तीन लाख लोक मृत्युमुखी पडले. अमृतसरचे दैनंदिन व्यवहार ठप्प झाले. सर रिकर्ड क्रिस्टोफर्स यांनी या साथीचा अभ्यास करून १९११ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. गावचे चौकीदार ठाण्यात मृत्यूंची नोंद देत. ‘ताप’ या एका सदरात अनेक रोग मिसळलेले असत, हे या नोंदींचे वैगुण्य होय. तरीही शरदातील मृत्यूंची नेहमीच्या मृत्यूंशी तुलना करून क्रिस्टोफर्स यांनी साथीचा विस्तार नकाशावर उतरविला.

त्यातून निघालेला निष्कर्ष महत्त्वाचा आहे. कायम दलदलीचा भाग आणि साथीने उद्ध्वस्त झालेला भाग एकच नव्हते. अतिवृष्टी व पूर यांच्या जोडीला धान्यटंचाई व महागाई आली, म्हणजे साधा ताप संहारक बनत असे. मृतांत गोरगरिबांची मुले मोठ्या संख्येने होती. पाण्याने डास वाढविले. पण मरण वाढविले उपासमारीने.

१९२० च्या दशकात सी. ए. गिल यांनी याच पायावर साथीचे पूर्वानुमान बांधले. जुलै-ऑगस्टचा पाऊस, मुलांमधील प्लीहावृद्धीचे प्रमाण, पूर्वीच्या साथींचा इतिहास आणि धान्याचे भाव हे त्यांचे आधार होते. शरदातील साथीपूर्वी तयारी करता यावी, हा त्यामागील हेतू होता.

येथेच आजच्या संशोधकासाठी प्रश्न उभा राहतो. उपग्रहाला डबके दिसते, रिकामे भांडे दिसत नाही. बाजारभाव, मजुरी व बालकांचे पोषण यांची नोंद नकाशावर घेतली नाही, तर फवारणीचे पथक योग्य गावी पोहोचेल; पण त्या गावात सर्वाधिक धोका कोणत्या घराला आहे, हे त्याला कळणार नाही. भूगोल, अर्थशास्त्र व इतिहास यांचे अध्यापक विद्यार्थ्यांसह आपल्या तालुक्यातील जुन्या मृत्युनोंदी, पर्जन्यमान व धान्यभाव एकत्र मांडू शकतील. त्या कामाची रीत पंजाबच्या या नकाशांनी घालून दिलेली आहे.