चाकांवरची पृथ्वीप्रदक्षिणा

जयपूर शहराबाहेर, अरवलीच्या टेकड्यांमधून जाणाऱ्या रस्त्यांवर, थंडीच्या दिवसांत भल्या पहाटे सायकलस्वारांचे जथे बाहेर पडतात. दोनशे किलोमीटरांचे अंतर साडेतेरा तासांच्या आत कापावयाचे, एवढाच त्यांच्यापैकी कित्येकांचा पण असतो. तेथे पहिला क्रमांक नसतो, बक्षीस नसते. मुदतीत पोहोचला तो उत्तीर्ण. ‘ब्रेव्हे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या उपक्रमाची पद्धत पॅरिसच्या ‘ऑदाक्स क्लब पारिझियाँ’ या मंडळाने १९२१ साली घालून दिली आणि आज ती जगभर रूढ आहे. तथापि नियम फ्रान्सचे म्हणून ही हौसही परकी, असे समजण्याचे कारण नाही.

सायकलीवरून जग पाहण्याची कल्पना प्रथम सिद्धीस नेली ती थॉमस स्टीव्हन्स याने. पुढचे चाक खूप उंच आणि मागचे अगदी लहान, अशा जुन्या घडणीच्या सायकलीवरून तो १८८४ साली सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला. अफगाणिस्तानातून वाट न मिळाल्यामुळे तो समुद्रमार्गे कराचीस आला व १८८६ साली लाहोरपासून कलकत्त्यापर्यंत ग्रँड ट्रंक रोडने गेला. त्याच्यामागून आणखीही पाश्चात्त्य सायकलस्वार येऊन गेले. ते पाहत होते, लिहीत होते; हिंदुस्थान हा केवळ पाहिला जाणारा देश होता.

ही स्थिती पालटली ती मुंबईत. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी ‘बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लब’चे सहा पारशी तरुण सायकलींवरून जगप्रवासास निघाले. पंजाब, बलुचिस्तान ओलांडून ते इराणात शिरले. बगदाद ते अलेप्पो हे वाळवंट त्यांनी तेवीस दिवसांत पार केले. जेथे रस्ता नाही तेथे सायकल माणसाला वाहून नेत नाही, माणसालाच सायकल ओढावी लागते, आणि पाणी संपले म्हणजे मागे फिरणेही पुढे जाण्याइतकेच अवघड होऊन बसते. सहापैकी तिघांनी निरनिराळ्या कारणांनी वाटेत साथ सोडली. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे मात्र युरोप, अमेरिका, जपान, कोरिया, चीन, इंडोचायना, सयाम व ब्रह्मदेश असा प्रवास करून १८ मार्च १९२८ रोजी मुंबईस परतले. साडेचार वर्षांस अवघा एक महिना कमी; आणि अंतर सुमारे ७१,००० किलोमीटर! त्यांच्या प्रवासाचा ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला. त्याला प्रस्तावना पंडित जवाहरलाल नेहरूंची होती.

हे यश अपवादात्मक ठरले नाही. फ्रामरोज दावर हे १९२४ साली मुंबईहून निघाले, ते सात वर्षे फिरत राहिले आणि सहारा वाळवंटही त्यांनी सायकलीने ओलांडले. १९३३ साली केकी खरास, रुस्तम गांधी व रतन श्रॉफ हे आणखी तिघे निघाले. त्यांचा प्रवास १९४२ पर्यंत चालला.

या तरुणांना प्रदेश जिंकावयाचा नव्हता, की माल विकावयाचा नव्हता. परंतु पारतंत्र्यातील माणसाने स्वतःच्या पायांच्या बळावर परमुलखात जावे, तेथील लोकांना समोरासमोर भेटावे आणि ‘आम्ही हिंदुस्थानचे’ म्हणून सांगावे, यातील स्वाभिमान लहान नव्हता. आगगाडीचा उतारू स्थानके पाहतो. सायकलस्वाराला मात्र गावोगाव पाणी मागावे लागते, वाट विचारावी लागते, अनोळखी घराच्या ओसरीवर रात्र काढावी लागते. अशा प्रवासात देशाची ओळख याचकाच्या नम्रतेने होते. म्हणूनच ती खरी होते.

शर्यतीतील विजेत्यांची नावे चषकांवर कोरली जातात. शर्यतीवाचून निघालेल्या या प्रवाशांची नावे मात्र त्यांच्या स्वतःच्या शहरातही पुष्कळांस ठाऊक नाहीत. निदान लांबच्या वाटेस सायकल घालणाऱ्या तरुणांनी तरी ती विसरू नयेत. मुंबईहून निघालेली ती वाट त्यांच्यासाठीच खुली झाली होती.