राजाबाईचा मनोरा आणि आपल्या दिंडीची बाडं

स्मरणिकेच्या मंडळींनी आम्हाला दिंडीचा शंभर वर्षांचा इतिहास लिहायला सांगितला. आम्ही चौथी शिकलेलो. लिहायला बसलो तर हाताशी तीन बाडं, बाकी सगळं ऐकीव. म्हणून आधी बाडांचीच गोष्ट सांगतो.

मागे मुंबईला कीर्तनाला गेलो, तेव्हा गावचा एक शिकणारा मुलगा आम्हाला राजाबाईच्या मनोऱ्याकडे घेऊन गेला. घड्याळाचा मनोरा, 280 फूट उंच, आणि खाली मुंबई विद्यापीठाचं ग्रंथालय. मनोरा सगळे बघतात, खाली काय जपलंय ते कोणी विचारत नाही. आम्हीही वरच बघत होतो, टोपी पडायची वेळ आली.

त्याची कथा कापसाची आहे, म्हणून आम्हा शेतकऱ्यांना लवकर कळते. 1861 साली अमेरिकेत आपसात लढाई जुंपली. तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि आपल्या कापसाला कधी नव्हता असा भाव आला. मुंबईचे प्रेमचंद रायचंद शेठ त्या व्यापारात फार मोठे झाले. 1864 साली त्यांनी ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले, मागून मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. मनोऱ्याला आईचं नाव, राजाबाई. पुढच्याच वर्षी लढाई थांबली, भाव कोसळला, शेठ बुडाले. पण दिलेलं दान दिलेलं राहिलं. 1869 ला काम सुरू झालं, 1878 ला पुरं झालं. आईबापाची सेवा म्हटलं की आम्ही कीर्तनात पुंडलिकापाशी जातो. तिथेच या शेठचंही नाव घेतलं तर कुणी रागावू नये.

या विद्यापीठाच्या ग्रंथालयात हाताने लिहिलेल्या पोथ्या आहेत, संस्कृत, तशाच अरबी, फारसी, उर्दू. गोंडलचे राजे भगवतसिंहजी यांच्या नावाचा एक संग्रह आहे, भडकमकरांच्या नावाचा एक. नुसत्या ठेवल्या नाहीत, त्यांच्या याद्याही छापल्या. अरबी-फारसीची 1935 साली, संस्कृतची 1944 साली. आपण बियाणं राखेत, लिंबाच्या पाल्यात जपतो, पण कोणत्या गाडग्यात काय ते घरच्या म्हातारीलाच ठाऊक. ती गेली की सगळी गाडगी सारखीच.

आता आमची चूक सांगतो. वडील वारले तेव्हा त्यांच्या पेटीत पाच बाडं होती. दोन कसरीने खाल्लेली. जीर्ण पोथी पाण्यात सोडायची रीत, म्हणून त्या आषाढीला आम्ही ती दोन्ही चंद्रभागेत सोडली. हात जोडले, बरं वाटलं. पुढे म्हाताऱ्या विणेकरीबुवांनी सांगितलं, पहिल्या वारीला कोण कोण निघालं, मुक्काम कुठे पडला, शिधा कुणी दिला, ते त्यातल्याच एका बाडाच्या मागच्या पानांवर होतं. या स्मरणिकेत पहिल्या वारीची नावं नाहीत ती आमच्यामुळे.

उरलेल्या तिन्हींवरून दिंडीत दोन मतं आहेत. जुनी मंडळी म्हणतात देव्हाऱ्यातून हलवू नका, पोरं म्हणतात विद्यापीठात द्या. आमच्या मते बाडं पूजेतच राहू द्यावीत, पण पानापानाचे फोटो काढून एक संच ग्रंथालयाला द्यावा. त्याआधी यादी पाहिजे. ती आम्ही सुरू केली आहे. पहिलं बाड, पानं 84, शाई काळी, सुरुवातीची पानं नाहीत. कुणाच्या माळ्यावर, पेटीत काही असेल त्यांनी कार्तिकीच्या आत कळवावं. कसर लागलेलं असलं तरी चालेल, तसंच आणावं.