बंदरांतून येणारे परके समुद्रजीव : सरकारी व्यवस्था काय आहे, मच्छीमारांच्या हातात काय?

केनवड (ता. रिसोड, जि. वाशीम) : आपल्या भागातून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. पण बाजारात येणारी मासळी आणि कोकणातल्या दालदी व इतर मुस्लिम मच्छीमार बांधवांची रोजी-रोटी त्याच समुद्रावर चालते. त्यांच्यासमोर एक संकट गुपचूप येते, ते म्हणजे जहाजांसोबत आलेले परके जीव. हा विषय नेमका काय आहे, ते थोडक्यात पाहू.

परके जीव येतात कसे?

रिकामे जहाज तोल राखण्यासाठी टाक्यांमध्ये समुद्राचे पाणी भरते. याला बॅलास्ट पाणी म्हणतात. माल भरताना हे पाणी दुसऱ्या बंदरात सोडले जाते. त्यासोबत अंडी, पिल्ले, शेवाळ, जिवाणू असे सगळेच उतरते. दुसरा रस्ता म्हणजे जहाजाचा तळ. त्याला चिकटलेले शिंपले हजारो मैल प्रवास करतात. म्हणूनच बंदर, तेल टर्मिनल, वीज केंद्र अशा ठिकाणी यांचा शिरकाव आधी होतो.

नुकसान काय?

काळ्या पट्ट्यांचा छोटा शिंपला (मायटिलॉप्सिस सॅली) मूळचा कॅरिबियन भागातला. भारतात तो 1967 मध्ये विशाखापट्टणमला नोंदला गेला, पुढे मुंबईतही सापडला. असे शिंपले कारखान्यांचे थंड पाण्याचे पाईप बुजवतात, खांबांवर, होड्यांवर थर चढवतात. दक्षिण अमेरिकेतला चारू शिंपला केरळच्या अष्टमुडी तलावात आणि चेन्नईजवळच्या एन्नोर खाडीत पसरला. एन्नोरला तळावर त्याचा गालिचाच तयार झाला आणि कोळंबी घटल्याची मच्छीमारांची तक्रार राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेली. बंदर आणि वीज केंद्रे तिथे शेजारीच आहेत.

नियम काय सांगतात?

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने बॅलास्ट पाण्याचा करार 2004 मध्ये केला. तो 8 सप्टेंबर 2017 पासून लागू झाला. पहिला उपाय 2024 पर्यंतच्या संक्रमण काळात पाणी बदलण्याचा होता : शक्यतो किनाऱ्यापासून 200 सागरी मैल दूर, 200 मीटर खोल पाण्यात. दुसरा उपाय जास्त कडक : जहाजावरच यंत्राने पाणी शुद्ध करायचे. सोडलेल्या एक घनमीटर पाण्यात 50 मायक्रॉन किंवा मोठे जिवंत जीव 10 पेक्षा कमीच असले पाहिजेत.

कराराच्या आधी ग्लोबॅलास्ट या जागतिक प्रकल्पात सहा देश निवडले होते. त्यात भारतातून मुंबई होती. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने मुंबई बंदरातील जीवांची पाहणी केली. अशी नोंद असली तरच पुढे नवा जीव कोणता, हे कळते.

आपल्याकडे कोणते खाते काय बघते?

जहाजांचा कारभार नौवहन महासंचालनालयाकडे, छोटी बंदरे महाराष्ट्र सागरी मंडळाकडे, कारखान्यांचे सांडपाणी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, मासेमारी मत्स्यव्यवसाय विभागाकडे. राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाने 2018 मध्ये परक्या आक्रमक जीवांची यादी काढली. खाती अनेक, म्हणून अडचण हीच की खाडीत नवा शिंपला दिसला तर मच्छीमाराने जायचे कुणाकडे?

पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 रोजी झाली. मोठी जहाजे येणार, म्हणजे ही जोखीमही वाढणार. मच्छीमार संघटनांचा बंदराला विरोध आहेच. बंदर झाल्यावर पाहणी कोण करणार, अहवाल लोकांना दाखवणार का, हे आत्ताच विचारले पाहिजे.

वेळेवर धरले तर जमते

1999 मध्ये ऑस्ट्रेलियातील डार्विन शहराच्या तीन होडीतळांवर तोच काळ्या पट्ट्यांचा शिंपला सापडला. सरकारने लगेच होड्यांना अटकाव केला, पाण्यात क्लोरीन व तांब्याचे क्षार टाकले आणि तो संपवला. तिथले बाकी जीवही मेले, किंमत मोठीच मोजली. पण उघड्या समुद्रात पसरल्यावर एवढेही हाती राहत नाही.

आपण काय करावे?

• अनोळखी शिंपला, मासा दिसला तर फोटो, जागा, तारीख लिहून जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात लेखी कळवा आणि पोच घ्या.
• होडीचा तळ खरवडल्यावर निघालेला कचरा परत खाडीत टाकू नका.
• 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती हवी. लोक जैवविविधता नोंदवहीत परक्या जीवांचीही नोंद करून घ्या.

ही शेवटची गोष्ट केनवडसारख्या गावालाही लागू आहे. केंद्राने 2000 सालीच बंदी घातलेला थाई मागूर तलावात गेला की देशी मासे खातो. विकणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनीही त्याला नकार द्यावा.

जमीन आणि समुद्रात माणसाच्या हातून होणाऱ्या बिघाडाचा उल्लेख सूरह रूममध्ये आहे. पाणी आपल्याकडे अमानत आहे. ती सांभाळायची तर सरकारला वेळेवर विचारणे हेही आपलेच काम.