डीपीतल्या तेलाची कुळकथा

डीपीतलं रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, आधी जन्माला आलं, तेल मागून. 1885मध्ये बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यात झिपेर्नोव्स्की, ब्लाथी आणि डेरी यांनी घडवलेली रोहित्रं कोरडीच होती. विजेचा दाब वाढवायचा म्हटल्यावर हवा अपुरी पडू लागली. 1891मध्ये लाउफेनहून फ्रँकफर्टला 175 किलोमीटर वीज नेली, तेव्हा रोहित्रं तेलात बुडवलेली होती. तेल ठिणगी अडवतं आणि गुंडाळीची उष्णता टाकीच्या पत्र्यापर्यंत नेतं. आपल्या पनवेलहून पुण्याच्या वाटेवर, घाटाच्या पायथ्याशी खोपोलीचं वीजघर 1915मध्ये सुरू झालं. तिथली वीज 1 लाख व्होल्टच्या दाबाने मुंबईच्या गिरण्यांकडे गेली, तीही या तेलाच्याच भरवशावर.

तेल म्हातारं होतं, हे वापरता वापरता कळलं. टाक्या उघडल्या की गुंडाळ्यांवर काळा, चिकट गाळ सापडे. गरम तेल हवेतला ऑक्सिजन घेतं, तांबं त्या क्रियेला जोर देतं. आधी आम्लं होतात, मग गाळ. गाळ बसला की उष्णता कोंडते आणि तेल आणखी लवकर बिघडतं. नवं तेल फिकट पिवळसर असतं, थकलेलं बिनदुधाच्या कडक चहासारखं.

पनवेलला पावसाळ्याचे चार महिने हवाच ओली. रोहित्र तापलं की तेल फुगतं, निवलं की आकसतं आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. म्हणून तिच्या वाटेत ब्रीदर बसवतात. त्यातले ओलावा शोषणारे सिलिका जेलचे निळे खडे गुलाबी झाले, की ओलावा थेट तेलात. बीडीव्ही (ब्रेकडाउन व्होल्टेज) चाचणीत तो उघडा पडतो: दोन इलेक्ट्रोडमध्ये अडीच मिलिमीटर फट, तीत तेल, आणि ठिणगी पडेपर्यंत दाब चढवत न्यायचा. न गाळलेल्या नव्या तेलानेही निदान 30 किलोव्होल्ट सोसायला हवेत. पण नुसत्या बीडीव्हीवर विसंबणं मला पटत नाही. फिल्टर मशीन पाणी आणि कचरा काढून बीडीव्ही वाढवतं, आम्लं मात्र तशीच राहतात. विरघळलेली आम्लं काढायला तेल मुलतानी मातीतून गाळावं लागतं. तेव्हा आम्लताही मोजायलाच हवी.

कारण आम्लं गुंडाळीवरचा विद्युतरोधक कागद खातात. कागद तुटताना पाणी सुटतं, ते पुढची तूट वाढवतं. नव्या कागदाच्या रेणुसाखळीत हजाराच्या आसपास कड्या असतात. त्या दोनशेवर आल्या की कागदात जीव उरत नाही. तेल बदलता येतं, कागदासाठी गुंडाळीच नव्याने भरावी लागते. सुदैवाने तुटलेल्या कागदातली फ्युरान संयुगं तेलात उतरतात. त्यामुळे टाकी न उघडता, बाटलीभर तेलावरून प्रयोगशाळा कागदाची अवस्था सांगू शकते.