सिस्टरच्या खांद्यावरचे तारे

जबलपूरहून बोलतोय. मागच्या भागात इथल्या तोफगाड्यांच्या कारखान्याची गोष्ट सांगितली. आज दवाखान्याकडे वळू.

१९८९ साली मी कॅप्टन होतो आणि पाय मोडून सहा आठवडे एका सैनिकी रुग्णालयात पडलो होतो. आमच्या सिस्टर लेफ्टनंट होत्या. शेजारच्या जवानांच्या वॉर्डासकट सगळी रात्रपाळी त्या सांभाळायच्या. एके सकाळी त्यांनी पेढे वाटले. लग्न ठरलं होतं. आम्ही अभिनंदन केलं, तर म्हणाल्या, "आता नोकरी संपली." मला वाटलं, आपणहून सोडताहेत. पेढा खाल्ला आणि विसरलो.

तो नियम होता, हे मला फार उशिरा कळलं. तर ही गोष्ट मुळापासून पाहू.

२८ मार्च १८८८ रोजी दहा प्रशिक्षित ब्रिटिश परिचारिका मुंबई बंदरात उतरल्या. त्यांच्या प्रमुख होत्या कॅथरीन ग्रेस लॉक. गोऱ्या सैनिकांच्या रुग्णालयांत शिस्तशीर शुश्रूषा सुरू करायची, हे त्यांचं काम. देशी शिपायाच्या वाट्याला ही व्यवस्था यायला बराच काळ जावा लागला. पहिल्या महायुद्धात, १९१४ नंतर, भारतात परिचारिकांची भरती सुरू झाली. १९२६ मध्ये सेवेला कायम रूप आलं, आणि १९४३ च्या अध्यादेशाने या स्त्रिया कमिशन असलेल्या अधिकारी ठरल्या. म्हणजे खांद्यावरचे तारे खरे. तरी त्या ताऱ्यांना सलाम करताना अनेकांचा हात अडखळायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

याच काळात पुण्यात काय चाललं होतं? रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने आपल्या विद्यार्थिनी नर्सिंग शिकायला ससून रुग्णालयात पाठवल्या. परक्या माणसाला हात लावायचा, त्याची घाण काढायची. ब्राह्मणवाड्यांत केवढा गहजब झाला असेल, याची कल्पना करा. त्यातल्या बऱ्याच मुली विधवा होत्या. आता गंमत बघा, खरं तर गंमत नाहीच. पुण्यात हा दरवाजा उघडला तो जिचा नवरा गेला तिच्यासाठी. लष्करात तो उघडा राहिला जिचं लग्न झालेलं नाही तिच्यासाठी. नांदत्या बाईने शुश्रूषा करायची ती फक्त सासूसासऱ्यांची, आणि तीही फुकट.

ब्रिटिश सैनिकी परिचारिकांतही लग्न झालं की सेवा सोडायची प्रथा होती. साहेब गेला, प्रथा राहिली. १९७६ मध्ये परिचर्या सेवेच्या गर्ट्रूड ॲलिस राम मेजर जनरल झाल्या. भारतीय सेनादलांतल्या त्या पहिल्या महिला जनरल. आणि लगेच पुढच्या वर्षी, १९७७ च्या सेना आदेशात, सेवा संपवण्याच्या कारणांच्या यादीत आरोग्य आणि गैरवर्तन यांच्या रांगेत लग्न जाऊन बसलं! फौजी हिशेबानेही हा वेडेपणाच. सरकारी खर्चाने वर्षानुवर्षं शिकवायचं आणि हात बसला की घरी पाठवायचं. रणगाड्याच्या चालकाला आपण असं कधी घालवलं असतं का?

लेफ्टनंट सेलिना जॉन यांना १९८८ मध्ये याच कारणावरून सेवामुक्त केलं गेलं. त्या लढल्या. १९९५ मध्ये तो आदेश मागे घेतला गेला, पण गेलेली नोकरी काही परत आली नाही. २०१६ मध्ये लखनौच्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, सरकार अपिलात गेलं, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा नियम उघड मनमानीचा आणि स्त्रियांशी भेदभाव करणारा ठरवून साठ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. छत्तीस वर्षं गेली होती.

त्याच सुमारास आमच्या जबलपूरच्या हायकोर्टात दुसरंच प्रकरण गाजत होतं. मध्य प्रदेशातल्या अनेक नर्सिंग कॉलेजांकडे ना धड इमारत, ना शिक्षक, ना रुग्णालय. कोर्टाने सीबीआय तपास लावला, तर मे २०२४ मध्ये तपासाला गेलेल्या सीबीआयच्याच निरीक्षकाला लाचेच्या आरोपावरून अटक झाली. परीक्षा रखडल्या, खेड्यांतून आलेल्या मुलींची वर्षं वाया गेली. एके काळी शिकलेल्या सिस्टरला आपण घालवत होतो. आता न शिकवताच सिस्टर बनवायला निघालो होतो. सलाइनची सुई कुणाच्या हातात आहे, हे खाटेवर पडल्याशिवाय कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

सेलिना जॉन यांच्या निकालाची बातमी वाचली त्या संध्याकाळी मी वॉर्डातल्या एका जुन्या सोबत्याला फोन केला. तोही आता निवृत्त कर्नल, नागपूरला असतो. पेढे त्याला नीट आठवत होते. सिस्टरांचं नाव मात्र दोघांनाही आठवेना.